आईच्या लग्नाचा पास

“नवरीचं वय चुकलंय तुमच्या अर्जात,” नाक्यावरचा कारकून म्हणाला.

त्याच्या तोंडावर मास्क, मास्कवर प्लास्टिकची पारदर्शक ढाल, आणि त्याच्या-माझ्यामध्ये दोरी बांधून आखलेलं सहा फुटांचं अंतर. शेजारी टोमॅटोने भरलेला ट्रक धडधडत उभा होता. ओरडल्याशिवाय एक शब्द ऐकू जात नव्हता.

“काय चुकलंय?”

“सत्तावन्न लिहिलंय. नवरीच्या आईचं नको, नवरीचं वय सांगा.”

“सत्तावन्नच आहे.”

“काय?”

“सत्तावन्न!”

त्याने कागद वर-खाली करून पाहिला. “आणि तुम्ही नवरीच्या कोण?”

मी मागे वळून पाहिलं. रांगेत वीसेक माणसं होती. आई रांगेबाहेर दगडावर बसली होती, मांडीशी तिची पेटी. गायनाच्या बाई म्हणून तिने तीस वर्षं ज्या पेटीवर गडहिंग्लजच्या पोरांकडून प्रार्थना म्हणवून घेतल्या, तीच. बाकीचं सामान एका पिशवीत मावलं होतं.

“मुलगी,” मी म्हणाले.

“कुणाची?”

“नवरीची.”

“मोठ्याने बोला की ओ बाई!”

“मी नवरीची मुलगी आहे!” मी ओरडले. “लग्न माझ्या आईचं आहे!”

नेमका त्याच क्षणी ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं होतं.

रांगेतली वीसच्या वीस माणसं माझ्याकडे, मग आईकडे बघायला लागली. आईने पदर सावरला, आणि गॅदरिंगला टाळ्या पडल्यावर मान झुकवायची तशी जराशी झुकवली. कुणीतरी मास्कमधून “वा!” म्हटलं. ट्रकवाल्याने खिडकीतून हात बाहेर काढून दोन टोमॅटो आईपुढे धरले. “मावशी, आहेर समजा.”

चार महिने मी हे वाक्य कुणापुढे बोलले नव्हते. शाळेत नाही, मैत्रिणींत नाही, मामालाही नाही. ते मला पहिल्यांदा सरकारी नाक्यावर, पावसाच्या भुरभुरीत, गळा फाडून बोलावं लागलं.

बाबा गेले तेव्हा मी अकरावीत होते. त्यानंतर अकरा वर्षं आम्ही दोघीच. मी गणिताची शिक्षिका झाले, आईने मुदतीआधी निवृत्ती घेतली, आणि एके दिवशी पेटीचे सूर बसले म्हणून ती संकेश्वरला गुरुलिंग कोरे यांच्याकडे दुरुस्तीला घेऊन गेली. कोरे एकसष्ट वर्षांचे, बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. पेटी एका फेरीत व्हायची, तिला सहा फेऱ्या लागल्या. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आईने भाकरी थापता थापता मला सांगितलं, “वृषाली, मी लग्न करायचं म्हणतेय.” आणि तिसऱ्या आठवड्यात सगळं जगच बंद झालं.

गडहिंग्लज ते संकेश्वर हे अंतर सायकलने तासाभराचं. मध्ये राज्याची हद्द आहे, हे आम्हाला तोवर फक्त एसटीच्या पाटीवरून कळायचं. आता ते अंतर कागदांत मोजावं लागत होतं. चौदा दिवसांचं विलगीकरण. मग सात. मग सात सरकारी जागेत आणि सात घरी. मग लक्षणं नसतील तर फक्त घरी. मग तपासणीचा अहवाल असेल तर काहीच नाही. पण अहवाल दोन दिवसांपेक्षा जुना चालत नसे आणि तो हातात यायलाच तीन दिवस लागत. शाळा बंद होती. मी रोज सकाळी मोबाइलवर आलेले दोन्हीकडचे आदेश वाचायचे, महत्त्वाचे छापून आणायचे आणि फायलीत लावायचे. आई विचारायची, “आज काय म्हणतायत?” मी सांगायचे, “अजून नाही जमणार.”

शेवटी जुलैत पास आला. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं: पलीकडे पोचल्यावर सात दिवस घरीच राहणे. कोऱ्यांच्या घरी वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. आम्ही दोघींनी त्यात राहायचं, आठव्या दिवशी लग्न, नवव्या दिवशी मी परत. मी सगळं हिशेबात बसवलं होतं.

“जावा,” कारकुनाने शिक्का मारला. ढालीआडून तो हसत होता. “नवरीला शुभेच्छा सांगा.”

इकडच्या दोरीपासून तिकडच्या लोखंडी अडथळ्यापर्यंत साधारण पन्नास पावलं होती. गाडी पलीकडे नेता येत नव्हती. पिशवी माझ्या खांद्यावर. पेटी मात्र आईने माझ्या हातात दिली नाही. चालताना ती उजवीकडे कलत होती. अडथळ्यापलीकडे पांढरा सदरा घातलेला, काटकुळा, उंच माणूस उभा दिसला. कोरे. मी त्यांना तोवर फोटोतच पाहिलं होतं.

“बाई, ठेवा खाली! ठेवा, ठेवा! कंबर जाईल!” ते ओरडले, आणि दोन अडथळ्यांमधल्या फटीतून तिरके होऊन आमच्याकडे आले. पेटी उचलली. वळले. परत फटीतून आत शिरणार, तोच पोलिसाने काठी आडवी धरली.

“कुठून आला?”

“कुठून म्हंजे? इथूनच की. आत्ता तुमच्या शेजारी उभा होतो. संकेश्वरचा आहे मी.”

“आत्ता कुठून आला?”

कोऱ्यांनी मागे पाहिलं. “तिथून. दोन पावलं.”

“पावलं किती ते फॉर्ममध्ये नाही,” पोलीस म्हणाला आणि वही उघडून त्यांचं नाव लिहायला लागला. “बाहेरच्या राज्यातून आगमन.”

मी पास पुढे केला. टेबलामागे बसलेल्या अधिकारी बाईंनी तो वाचला. भारती मॅडम म्हणत सगळे त्यांना. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आवाज बसलेला. मराठी त्या मोजून मापून बोलायच्या.

“हा नियम कालचा,” त्या म्हणाल्या. “आज सकाळी नवा आला. सात दिवस हॉस्टेल.”

“पण पास तुमच्याच सरकारने दिलाय!”

“पास काल दिला.”

“आणि हे ट्रक? सकाळपासून चारदा गेले नि आले!”

“ट्रक माल आहे.”

“ट्रक चालवणारा माणूस आहे ना?”

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. “मला पण वाटतं,” त्या म्हणाल्या, “पण मी नियम लिहीत नाही. वाचते.”

मी फाईल उघडून भांडायला लागले. कलमं दाखवली, तारखा दाखवल्या. दहा मिनिटांनी दम लागून थांबले तेव्हा मागून हसू ऐकू आलं. आई आणि कोरे सहा फुटांवर उभे राहून हसत होते, मध्ये जमिनीवर पेटी.

“हसताय काय?” मी म्हणाले.

“अगं,” आईने डोळे पुसले, “लग्नाआधी सात दिवस एका छपराखाली राहायची सोय सरकारने केली. माझ्या आईने कधी केली नसती.”

शेजारच्या गावातलं मुलींचं वसतिगृह आम्हाला मिळालं. कौलारू, लांबलचक ओसरीचं. भिंतीवर पाढे आणि कन्नड मुळाक्षरं. पहिल्या खोलीत आई आणि मी, तिसऱ्या खोलीत कोरे, मधली रिकामी. पाचव्या खोलीत गोव्याहून आलेलं एक जोडपं होतं, कामत नावाचं. गोव्याहून येणाऱ्यांना तेव्हा दोनच दिवस. “विषाणूला गोवा आवडत नसेल,” मी म्हणाले. त्यांना तिसऱ्या दिवशी सोडलं, चौथ्या दिवशी गोव्यासाठीही सात दिवस झाले आणि संध्याकाळी त्यांना परत आणलं. कामतीणबाई फाटकातूनच ओरडल्या, “आमची खोली हाय न्हवं?”

मी रागात होते. दिवसभर फोनवर आदेश शोधायचे. आई मात्र सकाळी लवकर उठून, न्हाऊन, केस मोकळे सोडून ओसरीवर बसायची. आमच्या दारापासून कोऱ्यांच्या दारापर्यंत चांगलं बारा फूट अंतर होतं, आणि तेवढ्यावरून त्या दोघांचं बोलणं चालायचं. जेवणात मीठ किती. बसवेश्वरांच्या कुठल्या वचनाला कुठली चाल बरी. कोऱ्यांच्या दारचा कढीपत्ता मेला की जगला. मी खोलीत बसून ऐकायचे. अकरा वर्षं मी आईशी काय बोलत होते, हे आठवायचा प्रयत्न करायचे. गॅस संपलाय. रिक्षा आली. औषध घेतलंस का.

तिसऱ्या दिवशी कोऱ्यांनी माझ्या दाराशी येऊन, सहा फूट लांब उभं राहून खाकरलं.

“जरा मदत लागत होती. पेटीचा एक सूर पावसाने दमला. मला दोन्ही हात लागतात. भाता कोण मारणार?”

“आई मारेल की.”

“बाई आंघोळीला गेल्यात. आणि मला तुमच्याकडूनच मदत पाहिजे होती.”

पण जवळ बसायची परवानगी नव्हती. भारती मॅडम दिवसातून दोनदा फेरी मारायच्या. कोऱ्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि कोपऱ्यातला जळमटं काढायचा वेळूचा लांब झाडू माझ्या हातात दिला. मी ओसरीच्या या टोकाला बसून झाडूच्या दांड्याने भाता ढकलायचा, आणि ते तिकडे वाकून सुराची पितळी जीभ कानशीने घासायचे. ढकल, सोड. ढकल, सोड. पेटीतून म्हशीसारखा आवाज निघत होता. मला हसायचं नव्हतं.

“माझी बायको असती तर म्हणाली असती, बंद करा ते रेडकू,” ते मान वर न करता म्हणाले. “फार चांगली होती. तिला गाणं कळत नव्हतं, पण माणूस कळायचा.” मग त्याच सुरात, “तुम्हाला हे लग्न पसंत नाही, हे मला ठाऊक आहे.”

मी दांडा थांबवला.

“ढकला, ढकला. थांबू नका, सूर पडतो. मी एवढंच सांगतो, तुमचं मन नसलं तर तसं म्हणा. बाईंना मी समजावीन. लग्न नाही झालं तरी पेटी मात्र दुरुस्त करून देणार. ती जबाबदारी माझी.”

ते इतक्या गंभीरपणे बोलले की मी फस्सकन हसले. दांडा घसरला, भात्याऐवजी पट्ट्यांवर पडला, आणि पेटीने असा काही बेसूर टाहो फोडला की आई ओल्या केसांनी धावत बाहेर आली. “काय केलंत माझ्या पेटीचं?”

“मी नाही,” कोरे म्हणाले. “ही.”

“मी नाही,” मी म्हणाले. “हा झाडू.”

त्यानंतर मी फोन खोलीत ठेवून ओसरीवर बसायला लागले. पाचव्या दिवशी सगळ्यांनाच चौदा दिवस झाल्याचा आदेश आला. सहाव्या दिवशी दुपारी तो मागे घेतला. कामत जोडप्याने मधल्या काळात अंगणात मेथी पेरायचं ठरवलं होतं, ते रद्द झालं म्हणून हळहळले.

सहाव्या दिवशी संध्याकाळी आई माझ्या केसांना तेल लावत होती. तिचं तोंड मला दिसत नव्हतं, म्हणूनच मला बोलता आलं.

“आई, जूनमध्ये तीन दिवस असे आले होते, की लग्नासाठी जाणाऱ्याला कसलंच विलगीकरण नव्हतं. जा आणि राहा. मी तो आदेश वाचला होता.”

तिची बोटं थांबली नाहीत.

“मी छापला नाही. तुला सांगितलं नाही. तू विचारलंस तेव्हा म्हणाले, अजून नाही जमणार.” “चार महिने मी रोज सकाळी देवाला हात जोडायचे आणि फोन उघडायचे. म्हणायचे, आजचा नियम कालच्यापेक्षा कडक असू दे.”

“माहीत आहे,” आई म्हणाली.

“काय?”

“जूनचं. त्या दिवशी सकाळी आठ वाजता कोऱ्यांचा फोन आला होता. रस्ता मोकळा झालाय, आज निघा म्हणाले.”

मी वळायला गेले, तिने डोकं धरून पुन्हा सरळ केलं. “हलू नको. तेल कानात जाईल.”

“मग तू गेली का नाहीस?”

“गेले असते. पिशवीही भरली होती. मग तू चहा घेऊन आलीस आणि म्हणालीस, अजून नाही जमणार. म्हटलं, सरकारचं जमलंय, माझ्या पोरीचं जमलेलं नाही. कोऱ्यांना कळवलं, थोडं थांबू. ते म्हणाले, थांबू की.” तिने माझी वेणी घालायला घेतली, मी शाळेत असताना घालायची तशी घट्ट. “तुला घरात ठेवून, पळून गेल्यासारखं जायचं नव्हतं मला. तू सोबत यायला पाहिजे होतीस.”

मी रडले. पाचव्या खोलीतून कामतीणबाईंनी विचारलं, “बरं आहे ना सगळं? ताप-बीप?” आणि आई ओरडून म्हणाली, “ताप उतरला!”

आठव्या दिवशी सकाळी भारती मॅडम सुटकेचे कागद घेऊन आल्या. आम्ही पिशवी बांधून तयार होतो. त्यांनी खुर्ची अंगणात मांडली आणि कपाळ चोळलं.

“सात दिवस झाले. पण कालच्या नव्या आदेशाने पुढचे सात दिवस घरी राहायचं. कोरे, तुमचं घर आहे. जा. मॅडम, तुमचं या राज्यात घर कुठे?”

“यांच्याकडेच जायचंय,” आई म्हणाली.

“नातं?”

“लग्न ठरलंय.”

मॅडमनी फॉर्म आमच्याकडे वळवला. “इथे पती, पत्नी, आई, वडील, मुलगा, मुलगी एवढंच आहे. ठरलेलं असं काही नाही. नातं नसेल तर उरलेले सात दिवसही हॉस्टेल.”

मी फाईल काढणार, एवढ्यात कोरे म्हणाले, “मॅडम, तुम्ही किती वाजेपर्यंत आहात इथे?”

“दहा.”

“मग साडेनऊला लग्न लावतो.”

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, घड्याळ पाहिलं. सात दिवसांत पहिल्यांदाच त्या हसताना दिसल्या. “फोटो जोडावा लागेल,” त्या म्हणाल्या.

त्यानंतर जी धावपळ झाली ती मी आयुष्यभर विसरणार नाही. कोऱ्यांनी ओळखीच्या स्वामींना फोन केला. ते मोटारसायकलवरून आले आणि आत यायची परवानगी नाही म्हणून फाटकाबाहेर उभे राहून मंत्र म्हणायला लागले. कामतांनी अंगणातल्या जास्वंदीची सगळी फुलं तोडली, आणि कामतीणबाईंनी सामानातल्या सुतळीत ती ओवून दोन हार केले. स्वयंपाकिणीने तांदळाला हळद लावून अक्षता दिल्या. नेसायला वेगळी साडी पिशवीच्या तळाशी होती. ती नेसून आई बाहेर आली तेव्हा कोरे सदऱ्याचं तुटलेलं बटण शोधत होते.

“असू दे ओ,” आई म्हणाली. “पाहुणे लांबच आहेत.”

पेटी वाजवणारी तर नवरीच होती, म्हणून मी पेटीपुढे बसले. मला वाजवता येत नाही. एकच सूर येतो, तो धरून ठेवला. स्वामींचा आवाज फाटकावरून येत होता, भारती मॅडम त्यांच्या मोबाइलवर फोटो काढत होत्या, आणि सहा-सहा फुटांवर उभी असलेली सात-आठ माणसं लांबून अक्षता फेकत होती. त्यातल्या निम्म्या माझ्याच डोक्यावर पडल्या.

मॅडम पुन्हा टेबलावर बसल्या. आईच्या फॉर्मवर ‘पत्नी’ लिहिलं. मग माझा कागद ओढला. “आणि ह्या? ह्यांना हॉस्टेल, नाहीतर परत पाठवावं लागेल. तिकडे गेल्यावर चौदा दिवस.”

मी मान हलवली. माझं काम झालं होतं.

“कशाला परत?” कोरे म्हणाले. “फॉर्ममध्ये मुलगी आहे की. लिहा मुलगी. पत्ता तोच.”

मॅडमनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं.

“लिहा,” मी म्हणाले.

वसतिगृहाच्या टेम्पोने आम्हाला संकेश्वरला कोऱ्यांच्या गल्लीत सोडलं. दारावर आधीच सूचनेचा कागद चिकटवलेला होता. शेजारीपाजारी खिडक्यांत, गच्चीवर. जवळ यायला कुणालाच मुभा नव्हती. कोऱ्यांनी कुलूप काढलं आणि ते दोघं उंबऱ्याशी अडखळले. नव्या नवरीला घरात घ्यायला घरात कुणीच नव्हतं.

समोरच्या गच्चीवरून एक म्हातारी ओरडली, “अगो, तशीच काय शिरतीस! माप तरी ठेवा कुणीतरी!”

मी चपला काढल्या आणि दोघांना ओलांडून पुढे झाले. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात पाऊल टाकलं.

“तांदूळ कुठे आहेत?” मी आतून विचारलं.

“ओट्याखाली, डाव्या हाताला!” बाहेरून कोरे.

“डाव्या हाताला गूळ आहे!”

“मग उजव्या!”

“पितळी लोटी घे गं, स्टीलची नको!” बाहेरून आई. त्या स्वयंपाकघरात तिनेही कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं.

लोटी सापडली. तांदूळ शिगोशीग भरले, उंबऱ्यावर ठेवले आणि मी दोन्ही हात चौकटीवर टेकून वाट अडवली.

“नाव घे. मग आत.”

“वृषाली, पाय दुखतायत माझे.”

“प्रत्येक नवरीचे दुखतात. नाव घे.”

गल्लीतल्या खिडक्यांत माणसं पुढे झुकली. आईने पदर डोक्यावर घेतला, कोऱ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते आणि ओठ हसत होते.

“दारी फुलली जाई, अंगणी डोलते केळी,
गुरुलिंगरावांचं नाव घेते, लेक माप ठेवी त्या वेळी.”

गच्च्यांवरून टाळ्या पडल्या. आईने उजवा पाय उचलला आणि लोटीला असा काही धक्का दिला की तांदूळ पार स्वयंपाकघरापर्यंत उडाले.

मी बाजूला सरले.

“ये, आई,” मी म्हणाले. “ये आत.”